वडील स्कूटरसह परत आल्याबाबत

मी, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्यांची थोरली मुलगी, वय तेवीस, शिक्षण पदवीपर्यंत, काम वाचनालयात मदतनीस, राहणार पिठाच्या गिरणीवरची खोली, पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, वडील बेपत्ता झाल्याची जी खबर मी आज दुपारी दिली होती, ती आता मागे घ्यावी. वडील सुखरूप आहेत. हे लिहीत असताना ते समोरच्या बाकावर बसून दुसरा तांब्या पाणी पीत आहेत. "तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तुम्हीच लिहा," असे हवालदारसाहेब म्हणाल्यावरून हा जबाब मी स्वहस्ते लिहीत आहे.

वडिलांची स्कूटर जुनी, गिअरची आहे. हत्यारांची पेटी पायांपाशी ठेवून ते टेकडीपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत जातात. चढावर स्कूटरचा दम संपत असे. मग ते उतरून ती ढकलत नेत. त्यांचे गुडघे दुखतात. हे त्यांनी घरी कधीच सांगितलेले नाही. आईला ते जिन्यावरच्या पावलांवरून कळते.

माझा धाकटा भाऊ लेथवर काम करतो. वडील काकांकडे राहायला गेले असताना त्याने सिलिंडर मोठा करून घेतला, नवा पिस्टन बसवला आणि मोठा कार्ब्युरेटर लावला. मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी होते. सुधारणा घरापासूनच सुरू व्हायला हवी, असे मी त्याला म्हणाले होते. पेट्रोल भरभर यावे म्हणून टाकीखालचा जुना कॉक काढून त्याने भंगारातला मोठ्या भोकाचा कॉक बसवला. जुन्या कॉकला रिझर्व्ह होता, म्हणजे तळाशी थोडे पेट्रोल राखलेले असे. स्कूटर अडखळली की कॉक फिरवायचा आणि राखलेल्या पेट्रोलवर घर गाठायचे. वडिलांनी आयुष्यभर असेच केले. नव्या कॉकला रिझर्व्ह नाही.

वडील काल संध्याकाळी परत आले. स्कूटर सुरू करताच त्यांना वेगळा आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं होतं हे शहाणपण? इतकी वर्षं चालली ना गाडी?"

भाऊ म्हणाला, "चालत नव्हती, बाबा. तुम्ही चालत होता, ती सोबत येत होती."

यावर आई हसली. तिने हसायला नको होते. वडील जेवले नाहीत, आणि भावाशी बोललेही नाहीत. त्यामुळे कॉकची गोष्ट सांगायची राहिली.

आज सकाळी वडील कोणाला न सांगता कामावर निघाले. मोबाईल घरीच राहिला. दुपारी कारखान्यातून फोन आला की ते पोहोचलेलेच नाहीत. भाऊ सायकलने टेकडीपर्यंत जाऊन आला. रस्त्यावर काही पडलेले नव्हते, असे त्याने आईला आपणहून सांगितले. आई मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तू जा आणि नीट लिहून दे." मी नीट लिहून दिले. भावाने इंजिनाची ताकद वाढवल्यामुळे अपघात झाला असावा, असे एक वाक्य त्यात आहे. ते वाक्य मी मागे घेते. ते लिहिताना भाऊ माझ्या मागे उभा राहून वाचत होता.

एक बेशुद्ध स्कूटरस्वार सरकारी दवाखान्यात आणला आहे, असे आम्हाला येथे कळले. आम्ही दोघे गेलो. मला आत जाववले नाही. भाऊ गेला. बाहेर येऊन तो म्हणाला, "नाही. दुसऱ्या कोणाचे तरी बाबा आहेत." मग तो पायरीवर बसला. मी त्याला उठवले नाही.

आम्ही ठाण्यात परत आलो, त्यानंतर थोड्याच वेळात दारापाशी एक टेम्पो थांबला. मागे गाद्यांच्या ढिगाऱ्यावर आमची स्कूटर आडवी होती आणि पुढे चालकाशेजारी वडील होते. ते आधी घरी गेले होते. तिथून आईने त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "उंबरा ओलांडू न देता" इकडे पाठवले.

वडील भावाला म्हणाले, "रिझर्व्ह कुठाय रे?"

"काढला."

"काढला! आणि सांगायचं कोणी?"

"तुम्ही बोलत होता का माझ्याशी?"

हवालदारसाहेब म्हणाले, "घरचं भांडण घरी करा. इथे आधीच गर्दी आहे." त्या वेळी ठाण्यात आमच्याखेरीज कोणी नव्हते.

पेट्रोल कारखान्यांच्या बरेच पुढे, दोन टेकड्या सोडून, माळावर संपले. तिथे वस्ती नाही. टेम्पो येईपर्यंत वडील स्कूटरच्या सावलीत बसून होते. इतके पुढे कसे गेलात, असे विचारले असता ते "गेलो" एवढेच म्हणाले. त्यावरून कारखान्यांकडचे वळण चुकले असावे, असे माझे मत आहे. त्यांच्या अंगावर कोठेही जखम नाही. मी दोन्ही हात आणि डोके पाहिले.

इंजिनातील बदलाची नोंद वाहन कार्यालयात केलेली नाही. ती आम्ही रीतसर करून घेऊ. हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, हे तुम्हाला कोणी विचारलंय का?" कोणी विचारलेले नाही, पण खरे आहे म्हणून लिहिले.

येथपर्यंतचा मजकूर हवालदारसाहेबांनी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. "वळण चुकले असावे" येथे वडिलांनी त्यांना थांबवले.

"ते खोडा. चाळीस वर्षांत वळण चुकलो नाही मी. गाडी चढ एका दमात चढली, म्हणून म्हटलं, पुढचाही बघू. तो पण चढली. मग कारखाना कोणाच्या लक्षात राहतो?"

हे ते हवालदारसाहेबांकडे पाहून बोलले. भाऊ उठून बाहेर टेम्पोपाशी गेला आणि बराच वेळ स्कूटरचे हँडल पुसत राहिला.

वडिलांनी सांगितलेली दुरुस्ती समासात केली आहे. आता मजकूर बरोबर आहे. माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.