सॉसेज गरम असतानाच

हाडांच्या डॉक्टरकडे आफ्रा टोपी कपाळावर ओढून बसली होती. समोर गावातल्याच दोन म्हाताऱ्या होत्या.

“शनिवारी आफ्राच्या स्की शर्यतीला येतेस ना, ट्राउडल? फॅन क्लबची बस आठला निघते.”

“मागच्या वेळी गेले होते की. वाजवायला म्हणून गाईची घंटा पिशवीतून काढेपर्यंत बाई दुसऱ्या झेंड्यापाशीच आडव्या.”

“माझं तिथं घेतलेलं सॉसेजसुद्धा गरम होतं अजून.”

“त्याआधी तीनदा चौथी आली. चौथीला काय देतात, पत्र्याचं पदक?”

“तरी वेशीवर केवढा फलक लावलाय, ‘आमची आफ्रा’ म्हणून.”

“त्यातही हेल्मेट आणि गॉगल. उद्या समोर येऊन बसली तर ओळखणार कोण?”

“गुडघा दोनदा कापलाय म्हणे. जिद्द आहे हो पोरीची.”

“जिद्द कसली? माझे दोन्ही कापलेत. मी पडते का?”

नर्सने दार उघडलं. “आफ्रा हुंडहामर.”

आफ्रा उठली. दोघी आपापल्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

“शनिवारची माझी शेवटची शर्यत आहे, आजी,” दारापाशी थांबून ती म्हणाली. “या वेळी सॉसेज घरूनच खाऊन या.”