लग्न अध्यक्षांच्या घरचं, वर्ग दहावीचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय प्रभूरावजी, मंचावरील मान्यवर पाहुणे, मुख्याध्यापक सर, सहकारी बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती राजनंदिनी पोले मॅडम,

मॅडम उद्यापासून नरसीकडच्या आपल्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत आहेत. त्यांच्या शिकवण्याबद्दल विद्यार्थी बोलतीलच. मी, संतोष आडे, इथला गणिताचा शिक्षक, एकच प्रसंग सांगणार आहे. प्रभूरावजी, प्रसंग आपल्या लग्नाचा आहे. पण आपण तेव्हा नवरदेव होतात, अंगाला हळद लागलेली होती, त्यामुळे आपल्याकडे काही दोष येत नाही.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी. दहावीची परीक्षा तोंडावर. तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे आपले वडील, कैलासवासी ज्ञानबाराव. त्यांच्या घरचं कार्य म्हणजे शाळेचं कार्य, अशी रीतच पडली होती. पुरुष शिक्षकांनी पंगती वाढायच्या, बायकांनी पुऱ्या लाटायच्या. सकाळीच निरोप आला. सगळे निघाले. राजनंदिनी मॅडम तेवढ्या उठल्या नाहीत.

"माझा दहावीचा तास हाय," त्या म्हणाल्या. "न येण्याचं कारण मी स्वतः साहेबांना सांगून येते."

त्यांची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. एकटं कसं पाठवायचं, म्हणून मी सोबत गेलो. मांडव घालणं चालू होतं. ज्ञानबाराव आचाऱ्याशी बोलत होते. मॅडमनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "साहेब, संध्याकाळी लग्नाला मी सहकुटुंब येते. पण शाळेच्या वेळात पुऱ्या लाटायला येणार न्हाई."

"काहून? लाज वाटून राहिली का?"

"लाज कशाची? घरी रोज लाटते. पण आत्ता वर्गात पोरी बसल्यात, त्यांचा अभ्यास राहिलाय."

"बाकीच्या बाया आल्या की."

"त्यांचं त्या सांगतील. माझं मी सांगून राहिले."

ज्ञानबारावांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज चढला तर चालायचं, उतरला की माणसं घाबरायची. "नोकरी कायम व्हायची हाय तुमची. ध्यानात हाय ना?"

"हाय साहेब. वाटभर त्याचाच विचार करत आले."

आम्ही परतलो. त्या वर्गात शिरल्या, खडू हातात घेतला आणि तास सुरू केला; मी पंगती वाढायला मांडवात गेलो. संध्याकाळी मात्र मॅडम पती सुदामरावांसह लग्नाला आल्या, आहेर केला, पंगतीत जेवल्या.

मंडळी, खरी तकलीफ पुढेच होती. साहेब आपल्यापासून लांब असतात, सहकारी रोज शेजारी बसतात. आपल्या पद्माबाई मॅडम, आज समोरच बसल्या आहेत, त्यांनी शिक्षककक्षात सुनावलं, "तुमच्या वाटणीच्या पुऱ्या आम्ही लाटल्या. तुमचं मोठेपण झालं, आमची कंबर गेली."

राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, "तुमचा राग बराबर हाय, ताई. पण पुढच्या वेळी तुम्हाला जायचं नसंल तर मी तुमच्यासोबत साहेबांकडं येते. तुमच्या वाटणीचं मात्र तुम्हीच बोलायचं."

पद्माबाई मॅडम महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कायम करण्याचा आदेश त्या वर्षी आला नाही, पुढच्याही वर्षी आला नाही. वेळापत्रकात सगळे शेवटचे तास त्यांच्या नावावर पडले. सुदामराव एकदा मला म्हणाले, "सर, तुम्ही समजावा हिला. माफी मागून मोकळी होईल." मी काय समजावणार?

मॅडमनी माफी मागितली नाही आणि कुणाकडे गाऱ्हाणंही नेलं नाही. प्रत्येक सत्राच्या शेवटी त्या ज्ञानबारावांसमोर उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "माझ्या कामात काही उणं असंल तर सांगा, मी सुधारते. नसंल तर आदेश द्या." दरवेळी तेच वाक्य, त्याच सुरात.

तिसऱ्या वर्षी ज्ञानबारावांनी आदेश काढला. सही करताना तेव्हाच्या मुख्याध्यापक सरांना जे म्हणाले, ते मी तिथे उभा राहून ऐकलं. "माझ्या मागं बोलणारे शाळेत भरपूर हायेत. ही एकटी तोंडावर बोलते. हिला ठेवलं पाहिजे."

पुढे त्यांच्या घरी धाकट्या मुलीचं लग्न निघालं. पुन्हा निरोप आला. तेव्हा पद्माबाई मॅडम उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला राजनंदिनी, आज मला बोलायचं हाय." त्या काय बोलल्या ते आजतागायत दोघींनी आम्हाला सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी शाळा पूर्णवेळ भरली, आणि तसा निरोप पुन्हा कधी आला नाही.

मॅडम, आता खुर्ची तुमची आहे. कधीतरी एखादी नवी शिक्षिका तुमच्या दारात येईल आणि म्हणेल, "हे माझ्याकडून होणार नाही." ती घाबरलेली असेल. कदाचित तिचं म्हणणं चुकीचंही असेल. तरी तिचं बोलणं पुरतं होऊ द्या. एवढंच मागणं आहे.

मला बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल आयोजकांचा ऋणी आहे. प्रभूरावजींनी घरची गोष्ट चारचौघांत शांतपणे ऐकून घेतली, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, तर गणिताच्या माणसाची भाषा कच्ची म्हणून उदार मनानं सोडून द्यावं.

नमस्कार.