स्टेनगनमधल्या अक्षता

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं. बाप गावचा कोतवाल, म्हणजे कोणाचं ढोर मेलं, कोणाच्या घरी मयत झाली, का तालुक्याचा साहेब आला, बापानं काठी घेऊन धावायचं, अन् जेवण मात्र पाटलाच्या अंगणाबाहेर, वरून टाकलेलं. ते पाहून पाहून मी ठरवलं, काठी धरायची नाई, पान्हा धरायचा, कानस धरायची. लढाईच्या काळात जबलपूरले गेलो, तिथं बंदुकीचं काम शिकलो, अन् लढाई संपली तशी कारखान्यातली माणसं कमी झाली, मग पोलिसात लागलो. शिपाई म्हणून नाई बरं, कोतमध्ये. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. तिथं हत्यारं खोलायची, पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा जोडायची. हे माझं काम.

तुमी स्टेनगन पाहिली नसन. ते काई देखणं हत्यार नाई. नळ जोडणाऱ्यानं उरल्यासुरल्या पाइपाचं बनवल्यावानी दिसते. एक नळी, तिच्यात एक मोठी स्प्रिंग, अन् स्प्रिंगच्या पुढं लोखंडाचा ठोकळा, त्याले बोल्ट म्हणत. बोल्ट मागं ओढला की एका दातावर अडकून राहते. घोडा दाबला की दात सुटते अन् बोल्ट पुढं जाऊन गोळी मारते. पण काय सांगू तुमाले, तो दात जर घसरला तं घोडा दाबायची गरज नाई. बंदूक आपल्या मनानं सुटते, अन् सुटली की मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचा डबा, खाली होईपर्यंत थांबत नाई. फौजेनं लढाईत वापरलेल्या, मग उतरून आमच्याकडं आलेल्या, असल्या चार स्टेनगना होत्या आमच्या कोतमध्ये. मी त्याईले माझ्या लेकरावानी ओळखत होतो. कोणती कुठं अडते, कोणती कुठं खाते, सगळं.

आता दसऱ्याचं ऐका. दसऱ्याले कोतमध्ये शस्त्रपूजा होते, सगळीकडंच होते पोलिसात. सगळी हत्यारं सतरंजीवर मांडायची, हळद-कुंकू तुपात कालवून टिळे लावायचे, झेंडूच्या माळा, अक्षता, नारळ फोडला की पाणी शिंपडायचं. आमचे दुबे हवालदार पूजा करत, मोठ्या मनानं करत, डोळ्यात पाणी येत होतं त्यांच्या, खोटं कावून बोलू? पण तूप, कुंकू, तांदूळ हे सारं बंदुकीच्या पोटात जात होतं ना. मग साहेब लोक पेढे खाऊन गेले की मी दार लोटून बसत होतो, एकेक बंदूक खोलायचो, घासलेटानं धुवायचो, अन् संध्याकाळपर्यंत सगळ्या जोडून जागेवर ठेवायचो. आठ वर्षं केलं हे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी लिहून ठेवलं नव्हतं. कोणी पाहिलंच नाई तं लिहीन कोण? त्याईले वाटे पूजा झाली म्हणजे हत्यार तयार झालं.

मग आमी दीक्षा घेतली. नागपूरले गेलो सारे, बाप, बायको, पाठची बहीण पार्वता, पांढरे कपडे घालून गेलो अन् माणसं होऊन परत आलो. तोही दिवस दसऱ्याचाच. त्याच्या पुढच्या साली पोलादाच्या कारखान्याचं काम भिलाईत जोरात सुरू झालेलं, हजारो माणूस गाड्यांतून उतरून राहिला होता, अन् आमची तुकडी बंदोबस्तासाठी इकडं आणलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हवालदार म्हणाले, रामटेके, कल नहा-धोके आना, थाली तू पकड़ेगा. मी म्हटलं, साहेब, मी आता पूजा करत नाई. ते हसले, म्हणे, अच्छा, बड़े आदमी हो गए? हत्यार की पूजा नहीं करेगा और हत्यार की रोटी खाएगा? मी म्हटलं, रोटी हत्याराची नाई साहेब, कामाची खातो. मग मात्र ते भडकले, म्हणे, तो कल कोत में पाँव मत रखना, तेरे बिना भी दशहरा हो जाएगा.

मी म्हटलं, ठीक हाय. अन् छुट्टी टाकून घरी आलो. भाऊ, इथंच माझं चुकलं, अन् ते मी लपवत नाई. हात जोडायचे नाई हे बरोबरच होतं, आजही बरोबर हाय. पण मले माहीत होतं ना, पूजेनंतर बंदुका कोणी खोलणार नाई म्हणून. सांगायले पाहिजे होतं. रागाच्या भरात सांगितलं नाई. मनात म्हटलं, बसा आता आपल्या देवाले घेऊन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठले कोतमध्ये पाय टाकला तं रॅकवर एकच स्टेनगन. तीन नाई. पहारेकरी म्हणे, पहाटेच गेट पर ले गए, मजदूर बैठे हैं. गोष्ट मले ठाऊक होती. दोन दिवसाआधी चिमणीच्या कामावरून एक गवंडी पडून मेला होता, अन् ठेकेदाराचा मुनीम म्हणे हा आमचा माणूसच नाई, हजेरीत नाव नाई. मयतही देत नव्हते. त्यासाठी सारे गेटसमोर जमिनीवर बसले होते, गवंडी, दोर-साखळीनं वजन चढवणारे खलाशी, अन् डोक्यावर विटा वाहणाऱ्या रेजा बाया. आमची पार्वता त्यातच. विधवा होऊन माझ्याकडं आली, पण भावाच्या जिवावर खाणार नाई म्हणून खुर्सीपारले झोपडी घालून रेजा झाली. जिथं बोलाचाली तिथं पार्वता पहिल्या रांगेत.

मी रॅकवरची चौथी बंदूक उचलली. नळीवर कुंकू वाळून खपली धरलेलं. खोलली. काय सांगू तुमाले, दाताच्या बेचक्यात दोन अक्षता, तुपात चिकटून बसलेल्या, वरून नारळाचं पाणी वाळून गोंद झालेला. पुन्हा जोडली, गोळी नसताना बोल्ट ओढला, अन् दस्ता हळूच जमिनीवर टेकवला. खटाक. सुटली. अशाच तीन बंदुका भरून गेटवर गेल्या होत्या, माणसांकडं तोंड करून.

सायकल घेतली अन् दामटली. रस्ता कसला, सगळी खोदलेली माती, रशियन मशिनींच्या चाकोऱ्या, दोनदा पडलो. गेटवर पोचलो तं पाहतो काय, हजार-दीड हजार माणूस बसलेला, अन् त्यांच्यासमोर पंधरा हातांवर आमचा ट्रक. दोन शिपाई खाली उभे, स्टेनगन खांद्याले लटकलेल्या. तिसरा बिसाहू, हथखोजकडचा, दोन लेकरांचा बाप, शांत माणूस, तो ट्रकवर उभा. अन् त्याच्या बंदुकीचा बोल्ट मागं ओढलेला. लोकाईले भेव दाखवायले हवालदारांनी ओढायले लावला होता. समोरच्या रांगेत पार्वता, पदर कमरेले खोचलेला, ओरडून राहिली, मयत द्या, नाव द्या.

हवालदार मले पाहून म्हणाले, क्यों रे, छुट्टी खतम? दर्शन करने आया? मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, साहेब, बंदुका धुतलेल्या नाईत, दातात अक्षता हायेत, धक्का लागला तं सुटन. ते म्हणे, पूजा का गुस्सा यहाँ निकाल रहा है? अन् तेवढ्यात ड्रायव्हरनं ट्रक चालू केला, मागं घ्यायले. ट्रक हादरू लागला, तसा बिसाहूच्या हातातली बंदूक थरथरली. ओरडलो असतो तं गर्दी उठली असती. गर्दी उठली असती तं बिसाहू दचकला असता. मी धावत जाऊन ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला अन् चावी फिरवून ट्रक बंद केला. मग मागं येऊन त्याच्याच छत्तीसगढी बोलीत हळू म्हटलं, बिसाहू, हलबे झन, भाई. सांस ले, हलबे झन. म्हणजे हलू नको.

तो पाहू लागला माझ्याकडं, डोळे मोठे, पण हलला नाई. मी चाकावर पाय देऊन वर चढलो. नळीखाली तळहात लावला अन् तिचं तोंड हळूहळू आभाळाकडं नेलं. हवालदार खालून म्हणे, रामटेके, उतर! हथियार छोड़! लोक गप्प झाले होते. मी अंगठ्यानं कळ दाबली, मॅगझीन डाव्या बाजूले ओढली. घामानं बोट घसरलं. पुन्हा दाबली. मॅगझीन हातात आली.

अन् मॅगझीन हातात आल्यावर, कोणी काई केलं नाई, घोड्याले बोट लागलं नाई, बोल्ट आपल्या मनानं पुढं गेला. खटाक. एवढाच आवाज. हजार माणसानं ऐकला तो. पार्वतानं ऐकला. बिसाहू मले म्हणे, भइया, मोर उंगली बाहिर रहिस, बाहिर रहिस. म्हणजे बोट घोड्याच्या बाहेर होतं. मी म्हटलं, मले दिसलं, बाप्पा.

बाकीच्या दोन बंदुका मी तिथंच खाली केल्या. हवालदारांनी अडवलं नाई. दुपारी मयत दिली. गवंड्याचं नाव हजेरीत लिहिलं म्हणतात, कोणी दाखवलं मात्र नाई.

संध्याकाळी हवालदार एकटे आले, मले म्हणे, तूने आज बचा लिया, मैं मानता हूँ. लेकिन पूजा का नाम मत लेना. लिख दे, सफाई तेरे जिम्मे थी, भूल गया. माफी मिल जाएगी, नौकरी बच जाएगी. मी रातभर नाई, एका बिडीभर विचार केला. अन् लिहिलं, सफाई माझी होती, ती मी केली नाई. अन् खाली लिहिलं, दातात सापडल्या त्या अक्षता पूजेच्या होत्या. दोन्ही खरं होतं म्हणून दोन्ही लिहिलं. चौकशीच्या साहेबानं दुसऱ्या ओळीवर लाल रेघ मारली, पहिली ठेवली. पहिल्या ओळीनं माझी नोकरी गेली.

जाऊ द्या. ज्या गेटवर बंदुका रोखल्या त्याच गेटातून मी आता फिटर म्हणून आत जातो, रोलिंग मिलमध्ये, पान्हा हातातच हाय. पार्वता अजून रेजाच हाय, अजून पहिल्या रांगेतच बसते. अन् बिसाहूनं कोतचं काम मागून घेतलं. मी शिकवलं त्याले, सुपेल्याच्या एका चहाच्या ठेल्यामागं, जुन्या पाइपाच्या तुकड्यावर. दसऱ्याले तो पूजा करते, मनापासून करते, मी काई म्हणत नाई. पण मग दार लोटून बसते, सगळ्या बंदुका खोलते, अन् दुसऱ्या दिवशी सायकलनं माझ्या दारात येते. औंदाही आला. खिशातून कागदाची पुडी काढली, म्हणे, भइया, ए दरी चार ठन निकलिस. म्हणजे या खेपेले चार दाणे निघाले.

पार्वता बसली होती, तिनं पुडी घेतली, दाणे धुतले अन् अंगणातल्या कोंबडीले टाकले. बिसाहू पाहतच राहिला, मग हसू लागला. कोंबडीनं खाल्ले, चोच पुसली अन् गेली. मले तं तेच बरं वाटलं, भाऊ. तांदूळ हाय तो, कोणाच्या तरी पोटात जावा.