डिकीतला डॉन

तिकिटाच्या रांगेत माझ्यामागे एक बाई आणि तिची मुलगी उभ्या होत्या.

"आई, हाच सिनेमा तिसऱ्यांदा?"

"हो. तो डॉन स्वतःच्याच गाडीच्या डिकीत अडकतो ना, ते बघायचंय."

"गुंडांनी आपलं दुकान फोडलं आणि तुला गुंडांचेच सिनेमे आवडतात!"

"दुकान फोडलं तेव्हापासूनच आवडतात."

"उद्या कोर्टात साक्ष आहे तुझी. घरी चल, जरा पड."

"आडवी झाले की त्या गुंडांच्या म्होरक्याचाच चेहरा दिसतो गं. इथे तसलाच एक आतून डिकी बडवत आईला हाका मारतो."

"आणि उद्या तो खराखुरा समोर आला की?"

"मनातल्या मनात त्याला डिकीत कोंबीन. मग बोट दाखवून सांगेन, साहेब, हाच तो."

माझं तिकीट झालं तशी मुलगी खिडकीशी सरकली. "काका, दोन तिकिटं द्या. अगदी पुढची."