भुऱ्याची अंघोळ

भीमराव : ...तर शहराबाहेर चौमूं गावाले आमच्या शेडमधल्या मीणाजीचं शेत हाय. उद्या रविवार. भुऱ्याले तिथं सोडून येतो, विषय संपला.

यमुना : कुत्र्याले खाज सुटली म्हणून घराबाहेर काढता का हो?

भीमराव : रात्रभर खाटेले पाय आपटते तो. मले सकाळी रेल्वेच्या शेडमंदी इंजिनाखाली घुसा लागते, यमुना. झोप नको?

गौतमी : बाबा, तिकडे तो मला शोधत बसेल. मतलब, मी हॉस्टेलमधून येणार आणि हाच नाही घरात?

यमुना : चार दिवस थांबा. कडुनिंबाचा पाला उकळून लावला, हळद लावली, दही लावलं...

भीमराव : दही त्यानं चाटून टाकलं. हळदीनं माह्या लुंगीचा रंग बदलला.

गौतमी : थांबा ना दोघं. भुऱ्या, इकडे ये, पोट दाखव. आई, गोचीड नाही, पिसू पण नाही. फक्त लाल झालंय, आणि कातडीचे पापुद्रे निघतायत. हॉस्टेलमध्ये कपडे धुते तेव्हा माझे हात असेच होतात. तू याला किती वेळा अंघोळ घालतेस?

यमुना : घालते अधूनमधून.

गौतमी : आई.

यमुना : रोज. हे ड्युटीवर गेले की.

भीमराव : रोज? या थंडीत?

यमुना : पाणी चांगलं कढत करते. कपड्याच्या साबणानं घासते.

गौतमी : कपड्याच्या साबणाने? मग खाज नाही येणार तर काय! इथल्या कोरड्या हवेत आपले तर ओठ पण फुटतात.

भीमराव : पण रोज काऊन, यमुना?

यमुना : तुम्हीच म्हणले होते. गौतमीनं त्याले रस्त्यावरून उचलून आणला त्या दिवशी. घरात वास आला, तर कुत्रं बाहेर.

(भीमराव खाली वाकून भुऱ्याचं लाल पोट बघतो.)

यमुना : पोरगी हॉस्टेलात, तुम्ही शेडमंदी. इथं परमुलखात दिवसभर मराठीत बोलाले मले हाच तर एक हाय. त्याले कोणी काढू नये म्हणून घासत होते, अन् मीच त्याची कातडी सोलली.

भीमराव : रडू नको. गौतमी, आता काय कराचं सांग.

गौतमी : आधी अंघोळ बंद. कडुनिंबाचं पाणी पूर्ण थंड करून त्याने नुसतं पुसायचं. खोबरेल अगदी थोडं, चाटलं तरी चालेल एवढंच. आणि फरक नाही पडला तर जनावरांच्या डॉक्टरकडे, शेताकडे नाही.

भीमराव : आण खोबरेल. ये रे भुऱ्या, बस इथं.

यमुना : अन् चौमूं?

भीमराव : मीणाजीले बूथवरून फोन करतो, येत नाही म्हणून.

यमुना : अंघोळ बंद केली तर वास येईल हो त्याचा.

भीमराव : येऊ दे. शेडमधून आलो की माह्या अंगाले येतेच ना. तू कधी काही म्हणली?