फक्कीखालची चाकोरी

साखर कारखाने सुरू झाले त्या पहिल्या रविवारी, दुपारी साडेतीनला, दौंडात, ह्याच मैदानावर, त्या पलीकडच्या कोपऱ्याजवळ— तिथं पडला आमचा पोरगा, संघर्ष. बसा हो साहेब, मध्यंतर हाय अजून, चहा निवतोय. निवड समितीचा माणूस बिनचहाचा उठतो व्हय?

"संपलं पोरगं" म्हणालात न्हवं आत्ता, त्या दुसऱ्या साहेबांना? ऐकलं मी. टपरी चालवते म्हणून काय कान न्हाईत? दसऱ्याला ह्याच पोराला खांद्यावर घेऊन नाचत होते सगळे— आन् आता दुखण्यातनं उठून उतरला, चार मॅच कोरड्या गेल्या, तर वरडत्यात, "लंगडा घोडा!" गुडघा बरा हाय त्याचा. डॉक्टरांनी उड्या मारून घेतल्या त्याच्याकडनं. मग गोल का न्हाई? सांगते की.

पडला कशात? चाकोरीत. आदल्या सांजेला उसाचे ट्रॅक्टर आणून लावले इथं, भरल्या ट्रॉल्यांसकट— पाणी मारलेलं मैदान, वीतभर रुतली चाकं. सकाळी मैदानाच्या कमिटीनं काय केलं? वर भुसभुशीत माती लोटली आन् झकास फक्कीची रेघ ओढली. पांढरीशुभ्र! पोरगं रेघेवरनं भरधाव आलं, पाय आत— असं वरडलं, साहेब, माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

तवापासनं बॉल आला की खाली बघतो. म्हणतो, "आई, बॉल दिसतच न्हाई, जमीनच दिसती"— हे... हे बोलायचं न्हवतं मला. लिहू नका कुठं. भित्रा न्हाई तो! भित्रा असता तर परत त्याच रेघेवर उतरला असता? जिल्ह्याच्या टीममधनं काढायचं तर काढा, पर संपला म्हणू नका. संपवायला बघितलं म्हणा.

कमिटीचे अध्यक्ष हौसरावआप्पा म्हणत्यात, "अंजनाबाई, खेळात लागायचंच." व्हय, लागायचंच. पर आप्पा, ट्रॅक्टर कुठल्या जागेवर खेळतो? डिफेन्सला का गोलात? तर म्हणे, कुणीतरी फाटकाचं कुलूप तोडून ट्रॅक्टर आत घातले असतील.

झाली बघा शिट्टी. उठा— पैसे ऱ्हाऊ द्या, उठा म्हणते ना! त्याचा खेळ बघायला आलाय, माझं तोंड न्हाई. आन् जाताना फाटकापाशी जरा थांबा. तेच जुनं कुलूप हाय अजून. ओरखडासुद्धा न्हाई त्याला. चावी कमिटीकडं असती.