फोटोने दिलेला पत्ता

माझ्या आत्यांचं कौतुक नंतर करा, आधी त्यांनी काय केलं ते ऐका.

बंगलोरला शिकून मी परत आले ती इथे कुक्षी गावातल्या मुलींना शिकवायला. खोली घेऊन एकटीच राहते. देवासहून आत्या भेटायला आल्या, गॅलरीत माझा फोटो काढला आणि मला न विचारता एका स्थळाकडे धाडला. चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून डॉक्युमेंट करून, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी! कळल्याबरोबर मी नकार कळवला. पत्ता तर कुणी दिलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तो मुलगा माझ्या दारात. मी साखळी न काढता फटीतून विचारलं, "पत्ता कोणी दिला?"

"आपके फोटो ने," तो हसला. "काढल्याची जागा फाइलमध्ये लपलेली असते ना! पुसून पाठवायची होती."

वर मलाच शिकवतो! दार आपटून मी आत्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अगंबाई, फोटोतून घर हुडकलं? भारीच डोकेबाज निघाला की!"

"आत्या, मी नाही म्हटलंय त्याला. आणि तो बाहेर उभा आहे, जात नाहीये."

"मग काय झालं? एवढ्या दुरून आलाय बिचारा, उन्हाचा. निदान चहा तरी पाज."

"ठेवा फोन, आत्या. मला पोलिसांना लावायचाय."